तीन पॉइंट आठ आणि आमची विहीर

प्रस्ताव एका ओळीचा होता: पुढच्या आवृत्तीपासून पायथन तीन पॉइंट आठ सोडून द्यायचं. खाली कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांचे पसंतीचे अंगठे उमटले होते. मी आसेगावात आमच्या ओसरीवर भाकर खात बसले होते. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटानं उत्तर ठोकलं, "अजिबात नाही."

आईनं विचारलं, "कोनाशी भांडून राह्यली?"

"सगळ्या जगाशी."

"मंग जेवून भांड," ती म्हणाली आणि वरण वाढलं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायथन ही कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. तिची दरवर्षी नवी आवृत्ती येते, जुनीला काही वर्षं औषधपाणी मिळतं आणि मग तिला कोणी विचारत नाही. आपण लिहिलेला प्रोग्राम कुठल्या आवृत्तीपासून पुढे चालेल, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं. फार मागची धरली तर नव्या आवृत्तीतल्या सोयी वापरता येत नाहीत, प्रत्येक गोष्ट दोन तऱ्हांनी लिहावी लागते. फार पुढची धरली तर जुन्या मशीनवाली माणसं मागे राहतात. आणि तीन पॉइंट आठचीच गोष्ट एवढी महत्त्वाची, कारण विंडोज सेव्हनवर बसणारी ती शेवटची. तिच्या पुढची तिथं बसतच नाही, कितीही विनवण्या करा.

आमचा प्रोग्राम पाण्याच्या बाऱ्या, म्हणजे पाळ्या, लावतो. एक पाणी, वाटेकरी अनेक. कोणाची बारी कधी आणि किती वेळ, एवढंच त्याचं काम. तो सुरू केला स्पेनमधल्या एका निवृत्त कालवा-इंजिनिअरनं, त्याच्या गावच्या कालव्यासाठी, आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. मी तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला लागले होते. आमच्या विहिरीसाठी असं काही आहे का ते शोधताना हा सापडला आणि मी खूश झाले. पण एका दिवसात लक्षात आलं की हा आपल्याकडे चालायचा नाही. कालव्याचं पाणी आपलं वाहतच असतं. आमचं पाणी लाइन, म्हणजे वीज, गेली की थांबतं.

मी त्या म्हाताऱ्याला कळवलं. त्यानं विचारलं, "थांबतं म्हणजे? पाणी कसं थांबेल?" मग मी त्याला शेतीची लाइन म्हणजे काय, ती एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री कशी येते, मध्येच कशी जाते, हे सगळं रंगवून लिहिलं. तो इतका हरखला की विचारू नका. त्याच्या प्रोग्रामात मी एक बटन बसवलं. लाइन गेली की ते दाबायचं, बारीचं घड्याळ थांबतं. लाइन आली की परत दाबायचं, उरलेला वेळ पुढे चालू. ते बटन माझं. पुढे केनियातल्या एका मुलीनं तिच्या वस्तीच्या नळासाठी हाच प्रोग्राम घेतला, तिथलंही पाणी येतं-जातं, तिला माझं बटन कामी आलं. अशा रीतीनं आम्ही तिघं त्या प्रोग्रामची राखणदारी करणारे झालो. आईला सांगितलेलं सगळं जग म्हणजे खरं तर हेच ते दोघं. आणि तीन पॉइंट आठ सोडायचा प्रस्ताव त्या मुलीचाच होता.

आता आमची विहीर. तिच्यावर चार बाऱ्या आहेत. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांचा संत्र्याचा बगीचा. काकांची हळद. आत्याचा वाटा, तो बटाईनं दिलेला. आणि बाबा गेल्यापासून आईचा तुकडा, त्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. माल मंगरूळपीरच्या बाजारात जातो. पालेभाजीला थोडं पण रोज पाणी लागतं. संत्र्याला दिवसाआड पण भरपूर. भाजी एक दिवस तहानली की दुसऱ्या दिवशी जुडी बांधताना माना टाकते, बाजारात तिला कोणी हात लावत नाही.

प्रोग्राम यायच्या आधी बाऱ्या तोंडी चालत. आणि आईची पंचाईत तिथंच होती. ती भासऱ्यासमोर बोलत नाही. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत थोरल्या दिरासमोर बाई डोक्यावरचा पदर सावरते आणि थेट तोंडाला तोंड देत नाही; काही सांगायचं तर लेकरांमार्फत. मोठे बाबांनी कॉक फिरवून पाणी बगीच्यात वळवलं की आई मला हाक मारायची, "जा, सांग त्यायले, माही बारी व्हायची हाय." मी धावत जाऊन सांगेपर्यंत संत्रं पाणी पिऊन मोकळं. मोठे बाबा वाईट माणूस नव्हेत. पण ज्याला कोणी तोंडावर अडवत नाही त्याचा हात सैल सुटतो.

मी प्रोग्राम लावला तेव्हा बाऱ्यांना नावं दिली ती घरातलीच: मोठे बाबा, काका, आत्या, आई. मोठे बाबांचं आसेगावच्या स्टँडवर कृषी केंद्र आहे, त्यातल्या कॉम्प्युटरवर तो बसवला, कारण आमच्या घराण्यात तेवढाच एक कॉम्प्युटर दिवसभर चालू असायचा, शेतीची लाइन गेली तरी, कारण गावाची लाइन वेगळी. शेतातली लाइन गेली की मोटरचा स्टार्टर त्यांच्या मोबाइलवर रिंग देतो, म्हणून बटन दाबायचं कामही त्यांच्याकडेच. ते रोज सकाळी स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू लागले. आई, अमुक ते तमुक. आईला तोंड उघडायची गरजच उरली नाही. मी आयुष्यात कंपनीसाठी बरंच काही लिहिलं असेल, पण त्या फोटोइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

तर तो कॉम्प्युटर विंडोज सेव्हनवाला. मोठे बाबांचं बिलाचं सॉफ्टवेअर आणि जुना खडखड्या प्रिंटर फक्त त्याच्यावर चालतात. "बदलून टाका ना," असं मी म्हटलं की ते चष्म्यावरून पाहतात. "चालून राह्यला ना? मंग कायले हात लावतं?" इंटरनेट त्याला कधी जोडलेलंच नाही. दुकानात तो धुळीनं भरलेला, खताच्या वासाचा, पण बिचारा सहसा रुसत नाही.

आणि नेमकं तेव्हाच बातमी आली होती की आमच्या फीडरवर शेतीची लाइन कायमची दिवसाची होणार! रात्री उठून पाणी द्यायचं, ते ओलित बंद. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मीही नाचायची बाकी होते, आणि नाचता नाचता थबकले. कारण एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र हे वेळापत्रक मी कोडमध्ये पक्कं लिहून ठेवलं होतं. लाइन दिवसाची झाली की आमचा प्रोग्राम खोट्या बाऱ्या लावणार. त्याला नवी आवृत्ती हवी होती, आणि त्या नव्या आवृत्तीतूनच तीन पॉइंट आठला हाकलायचं चाललं होतं. म्हणजे परत तोंडी बाऱ्या, परत आईची हाक आणि माझी धावाधाव. म्हणून मी डाव्या हातानं एवढी पेटले होते.

केनियाची मुलगी माझ्यासारखीच फटकळ आहे, म्हणून मला ती आवडते. तिनं दुपारीच उत्तर दिलं. ज्या दुसऱ्यांच्या कोडवर आपण उभे आहोत त्या सगळ्यांनी तीन पॉइंट आठ सोडलं, तिच्यावर आपला कोड चालतो का याची तपासणी रोज कुठे ना कुठे अडते, ती रोज तिलाच सोडवावी लागते आणि तिला कंटाळा आलाय. "एका दुकानातल्या एका मशीनसाठी आम्ही किती दिवस थांबायचं? त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाक." मी लिहिलं, बिलाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. ती म्हणाली, "बरं. मग दाखव, तुझ्या मोठे बाबांशिवाय हे आणखी कोण वापरतं?"

मी भांडत होते जुन्या मशीनवाल्या लाखो शेतकऱ्यांच्या नावानं, आणि ओळखीचा होता एक. प्रश्न रास्त होता, हे मला उत्तर लिहितानाच कळलं. त्यामुळे जास्तच चीड आली.

दुसऱ्या दिवशी आईची मेथी घेऊन मंगरूळपीरला गेले. बाजार आटोपला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात डोकावले, कारण मोठे बाबांचं मशीन तिथलाच दुरुस्तीवाला दुरुस्त करतो. म्हटलं, तालुक्यात जुन्या विंडोजची मशीनं किती असतील ते तरी याला विचारावं. तो एका लॅपटॉपचं पोट उघडून बसला होता. मी प्रोग्रामचं नाव काढताच मान वर करून हसला.

"इहिरीचं सॉफ्टवेअर ना? अवं ताई, ते तं मी किन्हीराजाच्या लोकायले देऊन टाकलं! तुमच्या मोठे बाबाचा डबा दुरुस्तीले आला होता, तवा पेनड्राइव्हमंदी घेतलं. लय भारी चीज हाय. काहून, काई चुकलं का माह्यं?"

"चुकलं कसलं!" मी ओरडलेच. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "पत्ता दे!"

किन्हीराजापर्यंत स्कूटी मी कशी चालवली ते मला आठवत नाही. डोक्यात एकच, की आपण लिहिलेलं काहीतरी आपल्याला न विचारता, आपल्या पाठीमागे, दुसऱ्या तालुक्यात जाऊन काम करतंय. हा आनंद सांगायला मला अजून नीट शब्द सापडलेला नाही.

गावाबाहेर मळ्यात विहिरीला लागून टिनाची खोली होती. आत टेबलावर इन्व्हर्टरवर चालणारा जुनाट कॉम्प्युटर, त्यावर लुगड्याचा धडपा पांघरलेला. मी आसेगावची, हे सॉफ्टवेअर माझं, असं सांगितल्यावर खोलीत एकदम गर्दी झाली. पन्नाशीचा एक भरघोस मिशीवाला माणूस पुढे आला. पाणी दिलं, खाटेवर बसवलं.

"बसा, बसा. बरं झालं आल्या. मी आई."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"मी इथली आई हाय," त्यानं शांतपणे सांगितलं. "अन् हा मोठे बाबा." त्यानं ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला नुकती दाढी फुटली होती. "काका मोटरजवय हाय. अन् हे आत्या." आत्या म्हणजे एसटीतून रिटायर झालेले धिप्पाड कंडक्टर. त्यांनी मला नमस्कार केला.

मी उठून स्क्रीनवरचा धडपा बाजूला केला. चार ओळी. मोठे बाबा, काका, आत्या, आई. माझं सगळं घर किन्हीराजात जाऊन राहिलं होतं! दुरुस्तीवाल्यानं आमच्या विहिरीची प्रत जशीच्या तशी उचलून दिली होती. नावांना हात लावला तर बिघडेल या धास्तीनं यांनी नावं बदललीच नाहीत. उलट स्वतःच त्या नावांत शिरले.

"मग कोण आई व्हायचं, हे ठरवलं कसं?" मी विचारलं. हसू आवरत नव्हतं.

"त्यात काय ठरवाचं? माह्याजवय भाजीपाला. तुमच्या आईची बारी आखूड, पन रोजची. तेच मले पाह्यजे होतं. याचा संत्रा, तं हा मोठे बाबा. सरळ हाय."

खरंच सरळ होतं. पीक पाहून त्यांनी माणसं वाटून घेतली होती.

"घरी काय म्हणतात मग?"

आत्या मध्येच बोलले, "याची बायको म्हंते, मले सासू नोती, आता झाली." खोली हसण्यानं हलली आणि मिशीवाली आई लाजली.

मग त्यानं तोच प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "लाइन दिवसाची होऊन राह्यली म्हंतात. मंग ह्याच्यात कसं होईन? हे तं रातच्या बाऱ्या बी दाखवते. आमी माह्या सोयऱ्याले बी देलं हाय, तो बी इचारत होता."

"तुमच्या सोयऱ्याकडे पण आई आहे का?"

"असंनच ना. बारी हाय तं आई बी असंन."

परत येऊन मी त्या दोघांना जे लिहिलं ते मी आजवर लिहिलेलं सर्वांत लांब आणि सर्वांत आनंदी पत्र असेल. मिशी, कंडक्टर, धडपा, सगळं घातलं. स्पेनच्या म्हाताऱ्यानं कळवलं की तो मोठ्यानं हसला आणि बायकोला हाक मारून त्यानं तिला वाचून दाखवलं. केनियाची मुलगीही हसली. मग तिनं विचारलं, "पण त्यांना इंटरनेट नाही. आपण तीन पॉइंट आठ ठेवलं काय, सोडलं काय, त्यांच्याकडे आहे ते चालतच राहणार. उद्या तुझं वेळापत्रक परत बदललं, तर परत पेनड्राइव्ह घेऊन तूच फिरणार. असं किती वर्षं? त्यांना आपल्याकडून नक्की हवंय काय?"

मला ताडकन उत्तर द्यायची सवय आहे. त्या दुपारी मात्र आईच्या वाफ्यात जाऊन वांग्याला पाणी मोडत राहिले. आपली बाजू खरी आहे आणि समोरचीचीही खरी आहे, असं झालं की मला हाताला काम लागतं. आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवता वळवता उजेड पडला. त्यांना तीन पॉइंट आठ नकोच होतं. त्यांना हवं होतं वेळापत्रक, आणि ते मी कोडमध्ये कोंडून ठेवलं होतं. ते बाहेर काढून त्यांच्या हातात दिलं, लाइन केव्हा येते ते ज्याचं त्यानं भरावं, नावंही ज्याची त्यानं घालावी, तर लाइन शंभरदा बदलली तरी त्यांचं आमच्यावाचून अडणार नाही!

मी चिखलाच्या पायांनी घरात पळाले. आई ओरडली, पण तिकडे लक्ष कुणाचं होतं? मी नवा प्रस्ताव टाकला. तीन पॉइंट आठवर एक शेवटची आवृत्ती. तिच्यात वेळापत्रक आणि नावं वापरणाऱ्याच्या ताब्यात. ती बाहेर पडली की मग खुशाल पुढे जाऊ. ते काम मी करीन, तपासणीही मीच करीन, कोणाला त्रास नाही.

केनियाहून एक शब्द आला, "चालेल." म्हाताऱ्यानं आणखी एक सुचवलं. हे फक्त या वेळेपुरतं नको, आपल्या प्रोग्रामचा नियमच करूया. कुठलीही जुनी आवृत्ती सोडताना, मागे राहणाऱ्यांना आपल्यावाचून निभावता येईल असं काहीतरी हातात देऊनच सोडायचं. मी तो नियम तीनदा वाचला. नियम वाचून अंगावर काटा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिघांचीही मतं बाजूनं पडली.

"जिंकलो!" मी ओरडले.

"कोनाशी?" आईनं विचारलं.

"अर्धं जिंकलो. अर्धं सोडलं."

"मंग बरोबर झालं," ती म्हणाली. शेवटच्या आवृत्तीनंतर भाषेची कुठली नवी आवृत्ती धरायची यावरून आणखी एक भांडण झालं. ते मी इथं सांगत नाही, कारण त्यात मी हरले.

पुढचे दिवस फार मजेत गेले. मी मोठे बाबांच्या दुकानात, त्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसायचे आणि त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर शेवटची आवृत्ती तपासायचे. इकडे मी घड्याळ पुढे-मागे करून बाऱ्या पाहतेय, तिकडे मोठे बाबा बियाण्याची बॅग विकताहेत. "झालं का तुह्यं? बिल फाडाचं हाय," असं म्हणून मला उठवायचे आणि गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे, "आमची पोरगी. हिचं सॉफ्टवेअर परदेशात बी चालते." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लाइन दिवसाची झाली तेव्हा आमचं वेळापत्रक मोठे बाबांनी स्वतःच्या हातानं भरलं, मी फक्त उभी राहून पाहिलं.

मग पेनड्राइव्ह घेऊन किन्हीराजा. नवं बसवलं, लाइनच्या वेळा कशा भरायच्या ते दाखवलं. तरुण मोठे बाबानं दोन मिनिटांत शिकून घेतलं. शेवटी मी ऐटीत म्हटलं, "आणि आता नावं! इथं दाबा, आणि स्वतःची नावं टाका. आता काही बिघडत नाही."

कोणी पुढे येईना. मिशीवाल्यानं मान हलवली.

"राहू द्या, ताई."

"का हो? आयुष्यभर आईच राहणार का?"

"आता तुमाले काय सांगू? ह्या नावाच्या बारीत लाइन गेली, तं जो जवय असंन तो धावत येऊन बटन दाबते. पोरं तिकून वावरातून बोंबलतात, आईची लाइन गेली, आईची लाइन गेली! माह्या नावानं बारी असती तं कोन धावलं असतं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आत्या म्हणाले, "आईचं पानी कोन कापंन?"

हे आईला सांगायला मी उतावीळ झाले होते. घरी आले तेव्हा ती अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यासमोर बसकण मारली आणि मिशीपासून सुरुवात केली. ती हसली. एवढी हसली की पदरानं डोळे पुसायला लागली. "मिशीवाली आई! बाई बाई!" मग मी तिला पोरांच्या ओरडण्याचं सांगितलं, बटनाचं सांगितलं. ती हसत होती ती हळूहळू थांबली.

"जो जवय असंन तो दाबते?"

"हो."

"कोनी बी?"

"कोणीही. का गं?"

तिनं एक जुडी बांधून बाजूला ठेवली. दुसरी उचलली. "इथं माह्या बारीत कोनी नाई दाबत."

मला कळेना.

"त्यायच्या बारीत लाइन गेली तं ते दाबतात. काकाच्या बी दाबतात. माह्या बारीत लाइन गेली तं दुकानात गिऱ्हाइक असते. मंग घड्याय तसंच चालते. लाइन येईस्तोर माही बारी सरते."

"कधीपासून?"

"पयल्यापासूनच."

ते बटन माझं होतं, आणि त्या प्रोग्रामसाठी मी जगाशी भांडले होते. "मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता.

"तू इतकी खुश होती," ती म्हणाली.

मी उठले. आत्ताच्या आत्ता मोठे बाबांना विचारते, म्हटलं. नाहीतर आणखी एक आवृत्ती काढते, लाइन गेली की घड्याळ आपोआप थांबेल असं काहीतरी जोडते, करते मी बरोबर! रागानं मला रडू येत होतं. आईनं माझा हात धरून खाली बसवलं. "तू बस," म्हणाली. "जुड्या बांध."

दुसऱ्या दिवशी तिची बारी सकाळची होती. लख्ख ऊन, पाटात पाणी, ती मेथीत वाकलेली, आणि मी बांधावर फोन घेऊन. पाणी अर्ध्या वाफ्यापर्यंत आलं आणि मोटरचा आवाज बसला. लाइन गेली. जुन्या सवयीनं मी उठले, निरोप घेऊन धावायला. आई माझ्याआधी वाफ्यातून बाहेर आली होती. तिनं पाय धुतले, चप्पल घातली आणि स्टँडकडे चालू लागली. मी मागोमाग.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. आईला पाहून मोठे बाबा थबकले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निरोप नेहमी माझ्या तोंडूनच येतो म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि थेट त्यांच्याकडे पाहून बोलली.

"लाइन गेली. बटन दाबा."

मोठे बाबांच्या हातातलं पेन बिलावर तसंच राहिलं. गिऱ्हाइकं एकदा आईकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागली. मग ते वळले आणि त्यांनी बटन दाबलं. स्क्रीनवर आईचं घड्याळ थांबलं. तिनं ते वाकून नीट पाहून घेतलं, खताच्या एका पोत्यावर बसली आणि लाइन येईपर्यंत तिथून हलली नाही.